नागपूरची जागा आणि न विचारलेला प्रश्न



१९५२ साली नागपूरच्या मतदाराने लोकसभेसाठी पहिलं मत दिलं, तेव्हा त्याचं शहर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. १९५७ साली तोच मतदार, त्याच मोहल्ल्यात राहून, मुंबई राज्याचा झाला होता आणि राजधानी गेली होती. १९६२ साली तो महाराष्ट्राचा मतदार होता. लागोपाठच्या तीन सार्वत्रिक निवडणुका आणि तीन राज्यं. त्याने घर बदललं नव्हतं, शेजार बदलला नव्हता. राज्यंच त्याच्या डोक्यावरून सरकत गेली. आणि यातला एकही बदल त्याला विचारून झाला नाही.

ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथे जमतो, ते नागरिकशास्त्र शिकवत. तेव्हा त्यांच्या नावाने नागरिकाचाच प्रश्न घ्यावा असं मी ठरवलं. माझा विषय आहे नागपूरची लोकसभेची जागा. कोण जिंकलं, कोण पडलं, किती मतांनी, हे सगळं तुमच्या पानठेल्यांवर माझ्याहून जास्त तपशिलाने सांगणारे लोक आहेत. मला दुसरंच विचारायचं आहे. या जागेवर आपण सत्तर वर्षांहून अधिक काळ मतं देत आलो; त्या मतांना आपण कुठला प्रश्न विचारला, आणि कुठल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून ती मतं वापरली गेली?

आपण बसलो आहोत ती जागाच या प्रश्नाची साक्ष देते. सक्करदरा म्हणजे भोसल्यांची जागा. १८५३ साली तिसरे रघुजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीने नागपूरचं राज्य खालसा केलं. राणीसाहेबांनी पाठवलेल्या विनंत्यांना किंमत मिळाली नाही. रयतेचं मत घेण्याची तर त्या काळात कल्पनाही नव्हती. १८६१ साली मध्य प्रांत तयार झाला, नागपूर त्याची राजधानी झालं. १९०३ साली वऱ्हाड त्याला जोडला गेला, कारण लॉर्ड कर्झन आणि हैदराबादचा निजाम यांच्यात तसा करार झाला. इथल्याच राजवाड्यात पुढच्या काळातल्या राजे रघुजीराव भोसल्यांनी सुफी संत ताजुद्दीनबाबांना आणून ठेवलं आणि १९२५ साली बाबांनी इथेच देह ठेवला. त्या दारात येणाऱ्या गर्दीत हिंदू, मुसलमान, श्रीमंत, भिकारी सगळे असत. एवढी माणसं एका दारात येत होती, पण आपल्या राज्याबद्दल बोलण्याचं दार त्यांच्यापैकी कुणालाही उघडं नव्हतं. राजाचं राज्य गेलं, इंग्रजांचं गेलं, पुढे प्रांत गेला, आणि प्रत्येक वेळी निर्णय दुसरीकडे झाला.

विदर्भाच्या वेगळ्या राज्याची मागणी कालपरवाची नाही, हे तरुण श्रोत्यांसाठी थोडक्यात सांगतो. १ ऑक्टोबर १९३८ रोजी मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या विधिमंडळाने वेगळ्या विदर्भाचा ठराव संमत केला होता. १९४७ साली अकोला करार झाला. २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करारावर सह्या झाल्या आणि संयुक्त महाराष्ट्रात विदर्भाला काय काय मिळेल हे लिहिलं गेलं. विधिमंडळाचं एक अधिवेशन दरवर्षी नागपुरात होतं ते त्यातूनच. १९५५ साली राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने तर वेगळं विदर्भ राज्य करावं अशी स्पष्ट शिफारस केली. ती मानली गेली नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले. ठराव, करार, आयोग, शिफारस अशी ही कागदांची मोठी चळत आहे. तिच्यावर पुढाऱ्यांच्या सह्या आहेत, न्यायमूर्तींच्या सह्या आहेत. मतदाराचं बोट कुठेही उमटलेलं नाही.

आता लोकसभेकडे येऊ.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत देशात सुमारे १७ कोटी मतदार होते. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे, पेटीवर चिन्ह असे, आणि मतपत्रिका आपल्या पसंतीच्या पेटीत टाकायची असे. शिक्का मारण्याची पद्धत नंतर आली. लाखो बायकांची नावं यादीतून गाळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगितलं. अशा त्या निवडणुकीत नागपूरने एका बाईला दिल्लीला पाठवलं, हे मला फार मोठं वाटतं. अनसूयाबाई काळे. १९३७ नंतरच्या प्रांतिक विधानसभेत त्या उपसभापती होत्या. १९४२ च्या आष्टी-चिमूर प्रकरणात फाशीची शिक्षा झालेल्यांचे प्राण वाचावेत म्हणून त्यांनी जिवाचं रान केलं. अत्याचार झालेल्या चिमूरच्या बायकांची बाजू त्यांनी धीटपणे मांडली. काँग्रेसच्या उमेदवार म्हणून त्या १९५२ साली निवडून आल्या आणि १९५७ साली पुन्हा आल्या. पहिल्यांदा मध्य प्रदेशातून, दुसऱ्यांदा मुंबई राज्यातून. मतदारसंघाचं नाव तेच होतं, नागपूर.

१९५७ च्या निकालाचा अर्थ काय लावायचा? त्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसला पाणी पाजलं. द्वैभाषिकाचं सरकार टिकलं त्यात विदर्भाने काँग्रेसला दिलेल्या जागांचा मोठा वाटा होता. म्हणजे विदर्भाला द्वैभाषिक पसंत होतं असं म्हणायचं का? की त्याला संयुक्त महाराष्ट्र नको होता? की त्याला अनसूयाबाई हव्या होत्या, नेहरू हवे होते, बैलजोडी हवी होती? हे तिन्ही अर्थ त्या काळात छापून आले आणि तिन्ही तितक्याच ठामपणे. एका मतातून तीन परस्परविरोधी उत्तरं निघतात, तेव्हा चूक मतदाराची नसते. त्याला प्रश्नच विचारलेला नसतो.

अनसूयाबाईंच्या निधनानंतर १९५९ साली पोटनिवडणूक झाली. ही निवडणूक नागपूरच्या इतिहासातली सगळ्यात बोलकी निवडणूक आहे, म्हणून तिच्यापाशी थोडा थांबतो. उभे राहिले लोकनायक बापूजी अणे. माधव श्रीहरी अणे, जन्म १८८० साली वणीचा. टिळकांचे अनुयायी, यवतमाळचे, काँग्रेसचे एकेकाळचे हंगामी अध्यक्ष. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात त्यांनी जागा घेतली होती आणि १९४३ साली गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी ती सोडली. नंतर सिलोनमध्ये भारताचे प्रतिनिधी, त्यानंतर बिहारचे राज्यपाल. संस्कृतात टिळकांचं चरित्रकाव्य लिहिणारा पंडित. असा माणूस ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना, विदर्भवाद्यांच्या पाठिंब्यावर, काँग्रेसविरुद्ध अपक्ष म्हणून उभा राहतो आणि निवडून येतो. १९६२ साली, महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतरच्या पहिल्याच लोकसभा निवडणुकीत, नागपूर त्यांना पुन्हा निवडून देतं. १ मे १९६० ला मुंबईत दिवाळी झाली होती. दोन वर्षांच्या आत नागपूरने वेगळ्या विदर्भाचा पुरस्कार करणाऱ्या वृद्ध माणसाला दिल्लीला पाठवलं.

मी स्वतः वेगळ्या विदर्भाच्या बाजूचा आहे. हे आधी सांगतो, म्हणजे पुढचं बोलणं तुम्हाला नीट तोलता येईल. माझ्या बाजूचे लोक बापूजींच्या या दोन विजयांना विदर्भाचा कौल म्हणतात. मलाही तसं म्हणायला आवडलं असतं. पण बापूजी उभे होते म्हणून किती मतं पडली आणि विदर्भ उभा होता म्हणून किती, हे कुणाला वेगळं करता येईल? त्यांच्या विरुद्ध मत देणाऱ्यांत विदर्भ हवा असलेले काँग्रेसवाले नव्हते का? होतेच. काँग्रेसमध्येही विदर्भवादी पुढारी होते आणि त्यांचे मतदार होते. बापूजी जिंकले, ते लोकसभेत गेले, आणि तिथे त्यांच्या हाती होतं जवळपास पाचशेंपैकी एक मत.

पाच वर्षांनी, १९६७ साली, ही जागा काँग्रेसच्या देवघरेंनी घेतली. मग १९७१. इंदिरा गांधींची लाट. महाराष्ट्रातल्या ४५ पैकी ४२ जागा काँग्रेसने जिंकल्या. उरलेल्या तिनांत एक नागपूर होती आणि तिथून आले जांबुवंतराव धोटे, फॉरवर्ड ब्लॉकचे. विधानसभेत अध्यक्षांच्या दिशेने पेपरवेट फेकल्याबद्दल सदस्यत्व गमावलेला, दाढीवाला, गर्जणारा माणूस. लोकांनी त्याला विदर्भाचा वाघ म्हटलं. एवढ्या लाटेत तो निवडून आला म्हणजे हा विदर्भाचाच कौल, असं पुन्हा म्हटलं गेलं. मान्य करू. पण १९८० साली हेच जांबुवंतराव याच नागपुरातून इंदिरा काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आले. तोच माणूस, तेच शहर, फक्त निशाण दुसरं. मग १९८० चा कौल कशाचा?

मधल्या निवडणुका झपाट्याने सांगतो. १९७७ साली उत्तर भारतात काँग्रेस वाहून गेली तेव्हा नागपूरने काँग्रेसचे गेव्ह आवारी निवडून दिले. शस्त्रसत्याग्रह करणाऱ्या जनरल आवारींचे ते चिरंजीव. १९८४ आणि १९८९ साली बनवारीलाल पुरोहित काँग्रेसकडून आले. १९९१ साली दत्ता मेघे. १९९६ साली पुरोहित पुन्हा आले, आता भाजपकडून. १९९८ पासून २००९ पर्यंतच्या चारही निवडणुका विलास मुत्तेमवारांनी जिंकल्या. २०१४, २०१९ आणि २०२४ नितीन गडकरींनी.

यातल्या पुरोहितांची गोष्ट बापूजींच्या गोष्टीसमोर ठेवून बघण्यासारखी आहे. दोन वेगवेगळ्या पक्षांकडून तीनदा जिंकलेल्या या माणसाने २००३ साली विदर्भ राज्य पक्ष काढला आणि २००४ ची निवडणूक विदर्भाच्या नावावर लढवली. ते पडले. लगेच मुंबईहून आवाज आला: बघा, लोकांनाच विदर्भ नको आहे. बापूजींचा विजय हा कौल धरायचा असेल तर पुरोहितांचा पराभवही कौल धरावा लागेल. माझ्या बाजूचे लोक पहिला धरतात आणि दुसरा सोडतात. समोरचे लोक उलटं करतात. दोघंही मतदाराच्या तोंडी आपले शब्द घालतात.

२००४ साली मतदारासमोर आणखी एक अडचण होती. भाजपने १९९७ सालीच भुवनेश्वरला वेगळ्या विदर्भाचा ठराव केला होता. काँग्रेसचे मुत्तेमवारही विदर्भाच्या बाजूने बोलत. म्हणजे ज्या दोघांपैकी एकजण जिंकणार हे दिसत होतं, ते दोघेही तोंडाने विदर्भवादी. अशा वेळी विदर्भ हवा असणाऱ्याने मत द्यायचं कुणाला, आणि नको असणाऱ्याने कुणाला? शेवटी माणसाने रस्ता बघितला, जात बघितली, पंतप्रधान कोण होणार ते बघितलं, उमेदवार फोन उचलतो का ते बघितलं. त्यात त्याचं काहीही चुकलं नाही. लोकसभेची निवडणूक त्याच गोष्टींसाठी असते. देशाचं सरकार निवडण्याच्या मतावर आपण राज्याच्या सीमेचा प्रश्न लादतो आणि मग उत्तर धूसर आलं म्हणून मतदाराला बोल लावतो.

तेलंगणाचं काय, असं इथे कुणीतरी विचारेल. तिथे निवडणुकांनाच जनमताचं रूप दिलं गेलं. २००६ साली के. चंद्रशेखर राव यांनी करीमनगरच्या खासदारकीचा राजीनामा दिला आणि पोटनिवडणूक दोन लाखांहून अधिक मतांनी जिंकली. ठरलं, तेलंगणा हवा! २००८ साली त्यांच्या पक्षाच्या १६ आमदारांच्या जागांवर पोटनिवडणुका झाल्या. पक्षाला सात परत मिळाल्या. ठरलं, तेलंगणा नको! २०१० साली पुन्हा भरघोस विजय. चार वर्षांत जनतेने दोनदा मत बदललं असेल असं मला वाटत नाही. राज्य झालं ते २०१४ साली, संसदेने कायदा केल्यावर, आणि त्याआधी कित्येक तरुणांनी आत्महत्या केल्या होत्या. सरळ प्रश्न विचारला नाही तर उत्तर असं रक्तातून येतं.

आणि नागपूरकराला खुपणारी गोष्ट २००० सालची. छत्तीसगड झालं आणि रायपूर राजधानी झालं. नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतातलं एक जिल्ह्याचं ठिकाण होतं रायपूर.

मराठी माणसाला सरळ प्रश्न एकदा विचारला गेला आहे. तो विचारला गेला गोव्यात. ही घटना आपल्याकडे फार कमी सांगितली जाते, कदाचित तिचा निकाल महाराष्ट्राला आवडला नाही म्हणून.

१९६३ साली गोवा, दमण आणि दीवच्या पहिल्या विधानसभेत भाऊसाहेब बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने ३० पैकी १४ जागा मिळवल्या आणि सरकार बनवलं. पक्ष महाराष्ट्रात विलीनीकरणाचं वचन देऊन निवडून आला होता. महाराष्ट्रातले पुढारी म्हणाले, झाला की कौल, करा विलीन. जॅक सिक्वेरांचा युनायटेड गोवन्स पक्ष म्हणाला, निवडणूक वेगळी आणि हा प्रश्न वेगळा, आम्हाला थेट विचारा. इंदिरा गांधींच्या सरकारने हे म्हणणं मान्य केलं. १९६६ साली संसदेने जनमत कौलाचा स्वतंत्र कायदा केला. प्रचार निःपक्षपाती व्हावा म्हणून बांदोडकरांचं सरकार पायउतार झालं. मतपत्रिकेवर दोनच चिन्हं होती: विलीनीकरणासाठी फूल, केंद्रशासित राहण्यासाठी दोन पानं. ‘गोमन्तक’ विलीनीकरणाच्या बाजूने लिहीत होता आणि ‘राष्ट्रमत’ विरुद्ध. दोन्ही मराठी दैनिकं! मराठीतूनच गोव्याने महाराष्ट्रात जायचं की नाही याचा वाद घातला.

१६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झालं. केंद्रशासित राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मतं पडली, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. फरक ३४,०२१ चा. प्रश्न मिटला.

आता पुढचा भाग नीट ऐका, कारण माझ्या सगळ्या म्हणण्याचा तो कणा आहे. त्याच वर्षी मार्च महिन्यात गोव्यात विधानसभेची निवडणूक झाली. विलीनीकरणाच्या प्रश्नावर हरलेल्या बांदोडकरांच्या पक्षाला १६ जागा मिळाल्या आणि बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. अडीच महिन्यांत त्याच लोकांनी सांगितलं: महाराष्ट्रात जायचं नाही, आणि सरकार मात्र भाऊसाहेबांचंच हवं. बहुजनांच्या शाळा, कुळांचे हक्क, जुन्या भाटकारांच्या वर्चस्वाला बसलेला धक्का हे त्यांना भाऊसाहेबांकडून हवं होतं. १९६३ चं मत विलीनीकरणाला नव्हतं, निदान सगळं नव्हतं. हे कळायला स्वतंत्र पेटी ठेवावी लागली. ती ठेवली नसती तर आज गोवा महाराष्ट्राचा एक जिल्हा असता आणि आपण म्हणत असतो की १९६३ साली गोवेकरांनीच तसं ठरवलं.

जगात हे अनेक ठिकाणी घडलं आहे. आपल्याला क्वचित आठवणाऱ्या प्रशांत महासागराकडे मी तुमचं लक्ष नेतो, कारण तिथल्या छोट्या बेटांनी हा भेद फार काळजीपूर्वक पाळला आहे. पापुआ न्यू गिनी या देशात बोगनव्हिल नावाचं मोठं बेट आहे. तिथले लोक राष्ट्रीय संसदेच्या निवडणुकीत इतरांसारखंच मत देतात आणि चार सदस्य पाठवतात. तांब्याच्या खाणीवरून सुरू झालेलं यादवी युद्ध दहा वर्षं चाललं, हजारो माणसं मेली. २००१ साली शांतता करार झाला आणि त्यात लिहून ठेवलं की स्वातंत्र्याचा प्रश्न बोगनव्हिलच्या लोकांना वेगळा विचारायचा. २०१९ च्या अखेरीस तो विचारला. सुमारे ९८ टक्के मतं स्वातंत्र्याच्या बाजूने पडली. त्याआधी त्या बेटाने राष्ट्रीय संसदेत पाठवलेल्या खासदारांच्या नावांवरून हा आकडा कुणाला काढता आला असता? आणि तरीही हा कौल बंधनकारक नाही. शेवटचा शब्द पापुआ न्यू गिनीच्या संसदेचा आहे. म्हणजे संसदेचा अधिकार अबाधित ठेवूनही लोकांना विचारता येतं.

न्यू कॅलेडोनिया फ्रान्सच्या ताब्यात आहे. तिथे २०१८, २०२० आणि २०२१ असं तीनदा विचारलं. पहिल्या वेळी सुमारे ५७ टक्के लोक स्वातंत्र्याला नाही म्हणाले, दुसऱ्या वेळी ५३ टक्के. तिसऱ्या वेळी ९६ टक्क्यांहून अधिक, पण तो आकडा फसवा आहे. कोविडने घराघरांत माणसं दगावली होती, तिथल्या मूळ रहिवासी कनक लोकांनी शोक पाळायला मुदत मागितली, ती दिली गेली नाही आणि त्यांनी बहिष्कार घातला. निम्म्याहून कमी लोकांनी मतदान केलं. चुकीच्या वेळी विचारलेला प्रश्न हा न विचारल्यासारखाच. २०२४ साली फ्रान्सच्या संसदेच्या निवडणुकीत याच बेटांतून स्वातंत्र्यवादी इमॅन्युएल चिबाऊ निवडून आले. तीनदा नाही म्हणणाऱ्या बेटांतून स्वातंत्र्यवादी खासदार आला. गोव्याचाच धडा, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला.

आणि टोकेलाऊ. तीन प्रवाळबेटं, वस्ती सुमारे दीड हजार. आपल्याकडच्या एका मतदान केंद्राच्या यादीएवढी. विमानतळ नाही, सामोआहून बोटीने जायचं. न्यूझीलंडने त्यांना विचारलं, स्वशासन हवं का? मतपेटी बेटाबेटांवरून फिरली, संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक बघायला गेले. दोन-तृतीयांश मतांची अट होती. २००६ साली साठ टक्के मिळाली, पुरली नाहीत. २००७ साली पुन्हा विचारलं. या वेळी १६ मतं कमी पडली. सोळा! अट पाळली गेली आणि टोकेलाऊ होता तिथेच राहिला. दीड हजार माणसांना त्यांचं भवितव्य दोनदा विचारता येतं. विदर्भाच्या कोट्यवधी माणसांना एकदाही विचारता येत नाही, याचं कारण मला कुणीतरी समजावून द्यावं.

वकिलांचे आक्षेप मला ठाऊक आहेत. राज्यघटनेच्या तिसऱ्या कलमाखाली नवं राज्य करण्याचा अधिकार संसदेचा आहे, त्यात जनमताची तरतूद नाही. बरोबर. गोवा केंद्रशासित होता, विदर्भ एका राज्याचा भाग आहे. तेही बरोबर. पण तिसरं कलम संसदेला मत अजमावण्यापासून रोखत नाही. आणि ज्या संसदेला राज्याचे दोन तुकडे करता येतात, तिला त्या तुकड्यातल्या लोकांना आधी विचारता येऊ नये हे तर्काला धरून नाही. याहून अवघड प्रश्न दुसरे आहेत. मत कुणी द्यायचं: विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांनीच की सगळ्या महाराष्ट्राने? साधं बहुमत पुरे की जास्त हवं? पश्चिम विदर्भाने नाही म्हटलं आणि पूर्व विदर्भाने होय म्हटलं तर? गोव्याच्या मतपत्रिकेवर घटक राज्य हा पर्यायच नव्हता आणि ते राज्य व्हायला १९८७ उजाडावं लागलं. तसं विदर्भाच्या मतपत्रिकेवर तिसरा पर्याय असावा का, वैधानिक अधिकार असलेल्या विकास मंडळासारखा? ते मंडळ १९९४ साली मिळालं होतं आणि २०२० साली त्याची मुदत संपली. या प्रश्नांवर अशा सभांतून भांडणं व्हायला हवीत. ‘झालाच पाहिजे’ आणि ‘होऊ देणार नाही’ या दोन आरोळ्यांपलीकडे आपण गेलेलो नाही.

जनतेला विचारा ही मागणी नवी नाही. २०१३ च्या सुमारास जनमंचसारख्या संघटनांनी नागपूर-अमरावतीत पेट्या ठेवून मतं गोळा केली आणि विदर्भाच्या बाजूने प्रचंड मतं पडली. त्या कार्यकर्त्यांबद्दल मला आदर आहे. पण मागणी करणाऱ्यानेच पेटी ठेवली, यादी त्यानेच सांभाळली आणि मोजणी त्यानेच केली, तर समोरचा ती मानणार नाही, आणि आपण त्याच्या जागी असतो तर आपणही मानली नसती. पेटी निवडणूक आयोगाचीच हवी. डिसेंबर २०१५ मध्ये राज्याचे तेव्हाचे महाधिवक्ता श्रीहरी अणे यांनी विदर्भाच्या प्रश्नावर सार्वमत घ्यावं असं जाहीरपणे म्हटलं. विधिमंडळात गदारोळ झाला. पुढे मराठवाड्याच्या वेगळ्या राज्याबद्दलही बोलल्यावर मार्च २०१६ मध्ये त्यांनी पद सोडलं. ते बापूजी अण्यांचे नातू. आजोबांना नागपूरने दोनदा निवडून दिलं तरी प्रश्न संसदेपुढे नीट आला नाही. नातवाने प्रश्न लोकांपुढे न्या म्हटलं तर गदारोळ झाला.

मला राग येतो तो इथे. सार्वमताचा निकाल विदर्भाच्या विरुद्ध गेला तर मी तो मानेन, दुःखाने पण मानेन. गोव्यात ‘गोमन्तक’ने आणि बांदोडकरांनी तो मानला, राज्य चालवलं, शाळा काढल्या. पण आपण राज्याच्या सीमेबद्दल बोलायचंच नाही, दर पाच वर्षांनी खासदार तेवढा निवडायचा आणि त्याच्या विजयाला किंवा पराभवाला आपलं उत्तर समजायचं, हे मी मानायला तयार नाही. २०२४ साली नागपुरात जेमतेम ५४ टक्के मतदान झालं. शहरातले जवळपास निम्मे लोक आलेच नाहीत. उन्हाला दोष दिला गेला, यादीतल्या घोळाला दिला गेला, आळसाला दिला गेला. थोडा दोष त्या मतदानालाही द्या, ज्यात माणसाच्या मनातला मुद्दा कुठल्याच बटणावर नसतो.

१९५२ पासून २०२४ पर्यंत नागपूरने लोकसभेसाठी १८ सार्वत्रिक निवडणुका आणि १९५९ ची पोटनिवडणूक केली. पुढच्या निवडणुकीत उमेदवार सक्करदऱ्याच्या चौकात येतील, बुधवारी बाजारातून हात जोडत फिरतील. विदर्भ हवा की नको हे त्यांना विचारू नका. ते हवा म्हणतील आणि दिल्लीला जातील. १९६६ चा गोव्याचा कायदा त्यांच्यापुढे ठेवा आणि विचारा, असा कायदा विदर्भासाठी लोकसभेत मांडाल का, कुठल्या अधिवेशनात मांडाल, आणि पक्षाने अडवलं तर काय कराल. उत्तर लिहून घ्या, खाली त्यांची सही घ्या, आणि तो कागद मोहल्ल्यातल्या वाचनालयाच्या फळ्यावर लावा. विदर्भ नको असलेल्यांनीही तेच विचारावं, माझी त्यांनाही तीच विनंती आहे.